तुरटपणाची बाजू घेताना

रेड वाईनविषयी मराठीत लिहू लागले की शब्द अपुरे पडतात, अशी तक्रार अधूनमधून कानी येते. आम्हांला ती पटत नाही. ज्या परंपरेने कषाय रसाला षड्रसांत मानाने बसवले आणि आवळा, जांभूळ, सुपारी यांच्याकरवी त्याची ओळख बालपणीच करून दिली, तिला बारोलो परकी वाटण्याचे कारण नाही. तुरटपणा हा या वाईनचा स्थायीभाव आहे. आणि तिच्याविषयीचा गेल्या चार दशकांतला मोठा वादही या तुरटपणाचे काय करायचे, याविषयीचाच आहे.

बारोलो होते ती वायव्य इटलीतील पिएमोन्ते प्रांतात, आल्बा शहराच्या नैर्ऋत्येस पसरलेल्या लांगे टेकड्यांवर. अकरा गावांचे शिवार आणि नेबियोलो हे एकच द्राक्ष, एवढाच तिचा संसार. हे द्राक्ष हट्टी आहे. त्याला कोंब लवकर फुटतात, पिकते मात्र उशिरा. म्हणून भरपूर ऊन लागणारे उतार त्याच्यासाठी राखून ठेवण्याची रीत पडली. माती चुनखडीमिश्रित चिकणमातीची. तरीही पश्चिमेकडील ला मोर्रा गावची वाईन तुलनेने मृदू व सुगंधी, तर पूर्वेकडील सेर्रालुंगाची करारी आणि दीर्घायुषी. रंगावरून मात्र अंदाज बांधू नये. पेल्यात ती फिकट, विटकरी छटेकडे झुकणारी दिसते. तिचा भारदस्तपणा कळतो तो जिभेवर आणि हिरड्यांवर. गुलाब आणि डांबर या विजोड गंधांची जोडी तिच्या वर्णनात हमखास येते, आणि ती यथार्थ आहे.

हा तुरटपणा येतो द्राक्षाच्या सालीतल्या व बियांतल्या टॅनिनमधून, आणि तो निवायला काळ लागतो. नियमानुसार बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते. त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात. जुने उत्पादक हजारो लिटरांची प्रचंड पिंपे वापरीत. १९८०च्या दशकात तरुण पिढीला हे थांबणे जाचू लागले. एलिओ आल्तारे यांनी १९८३ साली वडिलांची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून काढली. वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून वगळले. या पिढीने २२५ लिटरांची छोटी फ्रेंच पिंपे, म्हणजे 'बॅरिक', आणली आणि साली रसात ठेवण्याचा काळ आठवड्यांवरून दिवसांवर आणला. उलट बाजूने, २००५ साली निवर्तलेले बार्तोलो मास्कारेल्लो यांनी लेबलावरच लिहिले : बॅरिक नको, बेर्लुस्कोनी नको.

आमचा कल मास्कारेल्लो यांच्याकडे आहे. कोवळ्या बॅरिकमधला व्हॅनिलाचा गंध जगात कुठल्याही वाईनला चढवता येतो. सेर्रालुंगाचा करारीपणा तसा चढवता येत नाही. परंतु परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी बेप्पे फेनोल्यो यांची 'ला मालोरा' (१९५४) ही कादंबरी विसरू नये. लांगेच्या शेतकऱ्याचे दारिद्र्य तिच्यात उघडेनागडे दिसते. थांबायला भांडवल लागते. ज्याच्या घरात पुढच्या हंगामाचीच भ्रांत, त्याने तीन वर्षे माल पिंपात ठेवावा असे दुरून सांगणे सोपे आहे. करवत उचलणाऱ्या हातामागे ही घाईही होती. शिवाय कमी पण सकस घड राखणे आणि तळघराची स्वच्छता, हे त्या पिढीचे आग्रह पुढे अनेक परंपरावाद्यांनीही स्वीकारले.

आज तो वाद निवळला आहे; अनेक जण मोठ्या पिंपांकडे परतले आहेत. पण तापमानवाढीने नेबियोलो पूर्वीपेक्षा लवकर पिकू लागले आहे, मद्यांश वाढला आहे, टॅनिन तरुणपणीच मवाळ लागते. एकेकाळी दुय्यम मानलेल्या उंच, थंड उतारांना त्यामुळे आता किंमत आली आहे. तुरटपणा घालवण्यासाठी यापुढे कुणाला करवत उचलावी लागणार नाही. तो राखण्यासाठी मात्र कष्ट पडतील, आणि ते घ्यावेत असे आमचे मत आहे.