उन्हाळा ‘काढणारे’

मे महिना उजाडला की दिल्लीतील मराठी मंडळींच्या बोलण्यात एक क्रियापद हटकून येऊ लागते : ‘काढणे’. दुखणे काढावे, गरिबीचे दिवस काढावेत, तसा येथला उन्हाळा काढायचा. ‘काय, कसा काढताय उन्हाळा?’ हा प्रश्न भाजीच्या गाडीपाशी विचारला जातो, मंडळाच्या सभेत विचारला जातो आणि विचारणाराला उत्तराची अपेक्षाही नसते. या क्रियापदाविरुद्ध माझी तक्रार आहे. नोकरीच्या पस्तीस वर्षांतले पस्तीस मे महिने जो केवळ ‘काढतो’, त्याने आपल्या आयुष्यातून जवळजवळ तीन वर्षांची वजावट स्वखुशीने करून घेतली, असाच त्याचा अर्थ होतो. पगारातून इतकी वजावट झाली असती तर आपण केवढा पत्रव्यवहार केला असता!

ऊन कडक असते, हे कोण नाकारील? पारा ४५ अंशांवर जातो, लू वाहते, तिसऱ्या मजल्यावरील सरकारी निवासात नळाचे पाणी चटका देते. परंतु या उन्हाचे गाऱ्हाणे गाण्याचा खरा अधिकार भर दुपारी रस्त्यावर डांबर ओतणाराचा आहे. पंख्याखाली बसून टिपणे लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्या वतीने हुतात्मा होण्याचे कारण नाही. आपल्याला वेळ नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. मेअखेरीस येथे सूर्य साडेपाचच्या आत उगवतो, म्हणजे मुंबईपेक्षा अर्धा तास आधी. आणि कचेरी सुटल्यावरही दीड तासावर उजेड शिल्लक राहतो. १९८५ पासून आपला आठवडा पाच दिवसांचा आहे. अर्जित रजा वर्षाला ३० दिवस मिळते. या सगळ्याचे आपण काय करतो?

आपण साठवतो. रजा ३०० दिवसांपर्यंत साठवता येते व निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे होतात, हा नियम आपल्या लोकांना मुखोद्गत असतो. मूळ गावची प्रवास सवलत तेवढी वेळेवर घेतली जाते. पण बाकीची रजा म्हणजे मोडू नये अशी ठेव. तीच गत छंदांची. ‘निवृत्तीनंतर चित्रे काढीन’, ‘निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी सलग वाचीन.’ आमच्या विभागातील एक ज्येष्ठ गृहस्थ निवृत्तीनंतर पेटी शिकणार होते. ३०० दिवसांचे पैसे मिळाले, त्यांतून उत्तम पेटीही आली. पण तोवर संधिवाताने बोटे आखडली होती. आज ती पेटी त्यांच्या दिवाणखान्यात भरतकामाच्या आच्छादनाखाली आहे आणि तिच्यावर फुलदाणी ठेवलेली असते. ते स्वतः याविषयी काही बोलत नाहीत. मला मात्र त्यांच्या घरी चहा घेताना त्या फुलदाणीकडे पाहवत नाही.

आता कोणी म्हणेल, सरबते पिणे आणि पाखरे पाहणे ही रिकामटेकड्यांची कामे. त्यांचा एवढा पुळका कशाला? ज्या कालिदासाचे श्लोक परीक्षेतील गुणांसाठी आपण पाठ केले, त्याचे ‘ऋतुसंहार’ वसंतापासून नव्हे, ग्रीष्मापासून सुरू होते. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेतील नटीचे गीतही ग्रीष्माचेच आहे आणि त्यात शिरीषाची फुले आहेत. ती फुले दिल्लीत आजही उन्हाळ्याच्या रात्री घमघमतात. गुण मिळाले, फुले मात्र आपण बघितली नाहीत.

मी दिल्लीचे सांगतो, कारण माझी अकरा वर्षे येथे गेली. कोलकात्याच्या किंवा चेन्नईच्या वाचकांनी आपापली नावे घालून घ्यावीत. अमृता शेरगिल मार्गावर मे महिन्यात बहावा फुलतो. त्या पिवळ्या झुंबरांखालून चालण्याला कोणाची मंजुरी लागत नाही. लोदी उद्यानात सकाळी सहाला तांबटाची टुकटुक ऐकू येते, आणि नशीब असेल तर हळद्याची एक पिवळी रेघ या झाडातून त्या झाडात जाते. खिशातील वहीत मी ती तारखेनिशी टिपतो. माझ्या वहीला शास्त्रात काडीची किंमत नाही, आणि म्हणूनच ती मला प्रिय आहे. दिवसभरातले तेवढेच एक लिखाण असे असते, की जे वरिष्ठांकडे सादर करावे लागत नाही. बाजारात फालसे येतात : आंबटगोड, जांभळट, मिठाला चटावलेले. बेल आपल्या ओळखीचा तो पिंडीवरील त्रिदळापुरता. येथे हातगाडीवाला ते टणक फळ फोडून गर पाण्यात कुस्करतो, गाळतो आणि पेला भरून देतो. कूलरला वाळा लावला तर खोलीभर माठातल्या पाण्याचा वास दरवळतो. आणि ज्यांना घरचेच प्रिय, त्यांच्यासाठी सांगतो, कुरडया-सांडग्यांना येथल्यासारखे कोरडे ऊन मुंबईच्या दमट हवेत स्वप्नातही मिळणार नाही. शेजारच्या पंजाबी आजी आमच्या वाळवणाची राखण करतात आणि मोबदला म्हणून ओल्या कुरडईचा चीक मागून नेतात.

पण आंब्याचे नाव निघाले की आमचा माणूस एकदम सरहद्दीवर उभा राहतो. हापूसच्या पेट्या कोकणातून मागवाव्यात, जरूर मागवाव्यात. मीही वर्गणी भरतो. परंतु हापूसचे गुणगान गाताना दशहरीला ‘चोखून टाकायची वस्तू’ म्हणणे हा अरसिकपणा आहे. जूनमध्ये हापूस संपतो तेव्हा मलिहाबादच्या दशहरीचा भर सुरू होतो, मागून लंगडा येतो, जुलैत चौसा. म्हणजे आपला हंगाम मिटतो त्या सुमारास येथला उघडतो; आणि आपण मात्र रिकामी पेटी गच्चीवर टाकून ‘संपला बाबा आंबा’ म्हणत हळहळतो.

यात मुलांचे जे नुकसान होते, त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. त्यांना आपण सांगतो की खरे झाड, खरे फळ, खरी सुटी ‘तिकडे’ आहे. तिकडे ती दोन वर्षांतून पंधरा दिवस जातात व पाहुणी म्हणून राहतात. इकडे वाढतात, पण दारचे झाड त्यांना ना बहावा म्हणून ठाऊक असते, ना अमलतास म्हणून. अशी मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसतात म्हणून ओरडणारे आपणच! दुसरीकडे पाहण्यासारखे काही आहे, हे आपण त्यांना कधी सांगितले?

महिनाभर मोठे काही करा, असे माझे म्हणणे नाही. जूनच्या अखेरीस कर्तव्यपथाच्या दुतर्फा जांभळे पडू लागतात. २०२२ पर्यंत तो राजपथ होता, जांभळी तेव्हाही होत्या. गोळा करणारे झाडाखाली चादर धरून उभे असतात. आपले लोक त्याच सुमारास डाग पडतील म्हणून बूट जपत, पलीकडच्या कडेने मेट्रो स्थानक गाठतात. पुढे १ जुलैला त्यांच्या खात्यावर अर्जित रजेचे आणखी १५ दिवस जमा होतात, आणि कचेरीत पोहोचल्यावर पहिल्यांदा ते तेवढेच पडताळून पाहतात.