गव्हाणीत पडते तेच पेल्यात उतरते

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर जनावरांचा बाजारही भरतो. खिलार खोंडाचे दात, खांदा आणि चाल पारखणारा शेतकरी त्याच्या अंगावरील तकाकी पाहूनच त्याने कोणती वैरण खाल्ली असेल, याचा अदमास बांधतो. जनावर म्हणजे त्याच्या खाण्याचेच रूप, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शहरातील ग्राहक मात्र दूध घेताना फार तर त्यात पाणी किती, एवढेच विचारतो. हे दूध देणाऱ्या जनावराने काय खाल्ले, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. वास्तविक दुधातील भेसळीइतकाच हाही प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा आहे.

सोलापूर जिल्ह्यात एके काळी माणसाच्या आणि जनावराच्या अन्नाचा उगम एकाच वावरात होता. रब्बी ज्वारीचे कणीस माणसाचे आणि धाट जनावराचे, अशी ती विभागणी होती. मोहोळ येथील प्रक्षेत्रावर गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकला, तो केवळ भाकरीच्या गोडीमुळे नव्हे. त्याचा कडबा जनावरे आवडीने खातात, हेही त्याचे तितकेच मोठे कारण होय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गौरव धान्याचा झाला. परंतु ज्या कडब्याच्या गंजीवर पंढरपुरी म्हैस आणि खिलार बैल पोसले गेले, तिचा त्या गौरवात मोठा वाटा होता.

ही घडी आता विस्कटली आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, भीमेचे पाणी शेतांत खेळू लागले आणि राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून सोलापूरची ओळख झाली. ज्वारी उपटावयास मजूर मिळेनात, तिचे क्षेत्र आटले आणि कडब्याच्या पेंढीचा भाव चढला. त्याच काळात संकरित गाय दारात आली. दिवसाला पंधरा-वीस लिटर दूध देणारी ही गाय केवळ कडब्यावर जगू शकत नाही. कडब्यात प्रथिनांचे प्रमाण अगदी तुटपुंजे असते. तेव्हा उसाचे वाढे, सरकी व शेंगदाण्याची पेंड, मका, मुरघास आणि पोत्यातून येणारे तयार पशुखाद्य यांनी गव्हाण भरू लागली. यात शेतकऱ्याने काही गैर केले, असे नव्हे. कुटुंबाच्या हाती नियमित पैसा देणारा दुधाइतका खात्रीचा दुसरा धंदा या अवर्षणप्रवण जिल्ह्यात नाही. पण जनावराचा आहार बदलला की त्याचे परिणाम गोठ्यापाशी थांबत नाहीत, हेही तितकेच खरे.

हिरवा चारा खाणाऱ्या गाईच्या दुधात कॅरोटिन उतरते. गाईच्या लोण्याचा पिवळेपणा त्याचाच. सरकी भरपूर खाणाऱ्या जनावराचे लोणी घट्ट होते आणि तूप वेगळ्या गुणधर्माचे बनते. हा फरक इतका ठळक आहे की, तुपाच्या प्रतवारीच्या ‘ॲगमार्क’ नियमांत, जनावरांना मोठ्या प्रमाणावर सरकी घातली जाते अशा कापूस-प्रदेशांतील तुपासाठी स्वतंत्र कसोट्या ठरविण्यात आल्या. खाद्य बदलले की अन्न बदलते, हे सरकारी नियमांनीच अशा रीतीने मान्य केले आहे. उसाच्या वाढ्यांचे उदाहरण निराळे आहे. त्यांतील ऑक्झालेट जनावराच्या आहारातील कॅल्शियम बांधून ठेवते. म्हणूनच वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी आणि खनिज मिश्रण द्यावे, असा सल्ला पशुवैद्य देतात. तो न पाळल्यास आधी जनावर खंगते आणि मागाहून त्याचा मालक.

याहून गंभीर धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. शोधाअंती असे आढळले की, त्यांच्या खाद्यातील, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी वाढली होती आणि त्या बुरशीने विष निर्माण केले होते. अफ्लाटॉक्सिन या नावाने जग ते ओळखू लागले. हे विष यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते. बुरसलेली पेंड, ओलसर मका किंवा नीट न दाबलेला मुरघास दुभत्या जनावराच्या पोटात गेला की, दिवसाच्या आत या विषाचा काही अंश रूप पालटून दुधात उतरतो. हे दूध उकळले, तापवले किंवा त्याचे दही लावले, तरी तो नाहीसा होत नाही. ज्या उकळीवर घरोघरच्या गृहिणीची भिस्त, ती येथे निरुपयोगी ठरते.

ही भीती काल्पनिक नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. आरोग्यास घातक अशी भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत निघाली. परंतु अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा अधिक असलेले नमुने ३६८, म्हणजे ५.७ टक्के होते. ही मर्यादा एका किलो दुधास अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस लक्षावा भाग इतकी आहे. तामिळनाडू, दिल्ली आणि केरळ येथे हे प्रमाण अधिक आढळले, म्हणून महाराष्ट्राने निर्धास्त राहावे असे नाही. पेंडीचा व्यापार राज्याच्या सीमा पाहत नाही. ज्या भेसळीची चर्चा चौकाचौकांत होते, तिच्याहून हे न चर्चिलेले विष किती तरी अधिक नमुन्यांत सापडले, हा या पाहणीचा खरा धडा आहे.

मग कायदा काय करतो? २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने ‘अन्न’ या शब्दाची जी व्याख्या केली, तीतून पशुखाद्य स्पष्ट शब्दांत वगळले. परिणामी निरीक्षक पेल्याजवळ उभा राहतो; गव्हाणीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. भारतीय मानक संस्थेच्या प्रमाणाप्रमाणे संयुक्त पशुखाद्यात एका किलोस २० मायक्रोग्रॅमहून अधिक अफ्लाटॉक्सिन असता कामा नये. दुभत्या जनावरांना या प्रमाणाचेच खाद्य द्यावे, असा आदेश प्राधिकरणाने २०२० साली काढला खरा. पण त्याच्या अंमलबजावणीची मुदत पुढे पुढे ढकलली गेली. ब्रिटनने अशा दिरंगाईची किंमत मोजली आहे. मांस व हाडांचा चुरा खाणाऱ्या गाईंमध्ये १९८६ साली तेथे मेंदूचा असाध्य रोग ओळखला गेला आणि त्याचा माणसांतील रोगाशी असलेला संबंध सरकारला १९९६ साली मान्य करावा लागला. खाद्यातील चूक माणसापर्यंत पोचावयास अनेक वर्षे लागतात. म्हणूनच ती वेळेवर दिसत नाही.

दुष्काळात तर गुणवत्तेचा विचारच मागे पडतो. २०१९ साली सांगोला, मंगळवेढा या भागांतील चारा छावण्यांत हजारो जनावरे दावणीला होती. मोठ्या जनावरामागे दररोजचे अनुदान ९० रुपयांवरून १०० रुपये झाले. चर्चा झाली ती अनुदानाची आणि चाऱ्याच्या किलोंची. जनावर जगविणे हेच त्या वेळी पहिले कर्तव्य होते, यात शंका नाही. परंतु दुष्काळ या जिल्ह्याचा नित्याचा पाहुणा असताना, चांगल्या वर्षी सुरक्षित वैरणीची बेगमी न करणे हा दैवाचा नव्हे, नियोजनाचा दोष होय.

या साऱ्याचा भार शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. दूध उत्पादनाच्या खर्चात चारा व खाद्य यांचाच वाटा साठ ते सत्तर टक्के असतो, आणि दुधाला भाव मिळतो तो स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ मोजून. स्वच्छ, कोरडी पेंड घेणाऱ्यास एक पैसाही जादा मिळत नसेल, तर पावसाने भिजलेले स्वस्त पोते परत करण्याचे धैर्य दोन गाईंच्या धन्याने कोठून आणावे?

उपाय अवाक्याबाहेरचे नाहीत. पेंडीची आणि खाद्याची तपासणी कारखान्यात व गोदामात बंधनकारक व्हावी. संकलन केंद्रांवर दुधातील अफ्लाटॉक्सिनची नमुना-चाचणी व्हावी आणि निर्दोष दुधाला जादा दर मिळावा. दूषित खाद्य थांबविल्यास काही दिवसांतच दूध शुद्ध होते. म्हणजे दोष वेळीच कळणे हाच निम्मा उपचार आहे. याच्या जोडीला, ज्या ज्वारीने भाकरी आणि कडबा दोन्ही दिले, तिच्या काढणीच्या यंत्रांना आणि कडब्याच्या साठवणुकीला उसाइतके नाही, तरी काही अंशाने राजाश्रय मिळाला पाहिजे.

शाळेत जाणाऱ्या मुलापुढे दुधाचा पेला ठेवणारी आई त्या पेल्यामागची गव्हाण पाहू शकत नाही. ती पाहण्याची जबाबदारी शासनाची आणि दूध विकणाऱ्या संस्थांची आहे. जनावराचे खाद्य अन्न नव्हे, असे कायद्याने म्हटले असले, तरी निसर्गाने तसे कधीच मानलेले नाही.