‘सार्क’ का अडले? उत्तर सनदेतच आहे

दक्षिण आशियाई देशांच्या ‘सार्क’ची शेवटची शिखर परिषद २०१४मध्ये काठमांडूत झाली. उरी हल्ल्यानंतर २०१६ची इस्लामाबाद परिषद बारगळली. पण दोष केवळ भारत-पाकिस्तान तणावाचा नाही. सनदेनुसार ‘सार्क’चा प्रत्येक निर्णय एकमतानेच होतो आणि द्विपक्षीय वाद चर्चेला घेता येत नाहीत. एका देशाने नकार दिला, की सगळेच थांबते.

वैर फ्रान्स आणि जर्मनीतही होते. तरी १९५१च्या पॅरिस करारात फ्रान्स, पश्चिम जर्मनीसह सहा देशांनी कोळसा आणि पोलाद उद्योगाचे नियमन सामायिक प्राधिकरणाकडे सोपवले. त्याचे निर्णय बंधनकारक ठरवले. आजच्या युरोपीय महासंघाचा पाया तोच. ‘सार्क’ला सचिवालय आहे, असे अधिकार नाहीत. ते देण्याची तयारी नसेल, तर परिषद पुन्हा भरूनही फोटोपलीकडे काही हाती लागणार नाही.