पुतळा करायचाच, तर जिवंतपणी करा

खरं सांगा, तणमोर पाहिलाय? मी नाही पाहिला. नेरमध्ये लहानाची मोठी झाले, सोयाबीनच्या धुऱ्यांवरून हुंदडले. पण तणमोर दिसला तो मोबाइलवर, एका रीलमध्ये. काळाभोर नर, डोक्यामागे लांब तुऱ्यासारखी पिसं. गवतातून एकदम वर उसळतो, हवेत पंख फडफडवतो आणि परत गवतात गडप होतो. पावसाळ्यात मादीचं लक्ष वेधण्यासाठी तो दिवसभरात पाचशेपर्यंत अशा उड्या मारतो म्हणे. आकार आपल्या कोंबडीएवढा. आणि हा काही परदेशी पाहुणा नाही. पश्चिम विदर्भातली गवताळ रानं हे त्याचं पावसाळ्यातलं घर आहे.

परवा चहाच्या टपरीवर हा विषय निघाला. एक मित्र म्हणाला, "गावात याचा ब्राँझचा पुतळा पाहिजे यार. लोक सेल्फी काढतील, निदान नाव तरी कळेल." दुसरी लगेच उसळली, "पुतळ्यावर कशाला खर्च? पक्ष्यावर करा ना!" दोघांचंही पटलं, म्हणून थोडं खोलात गेले.

अमेरिकेतल्या टॉड मॅकग्रेन या शिल्पकाराने नेमकं हेच काम केलंय. उत्तर अमेरिकेतल्या पाच पक्ष्यांची मोठी ब्राँझ शिल्पं त्याने घडवली आणि ते पक्षी जिथे शेवटचे दिसले त्या भागांत ती उभी केली. पण हे पाचही पक्षी कायमचे संपलेले आहेत. त्यातली हीथ हेन वाचून मी थांबलेच. तीही गवताळ भागातली कोंबडीएवढीच पक्षीण. तिचे नरही मोकळ्या जागी नाचून, आवाज काढून मादीला बोलवायचे. मार्थाज विन्यर्ड बेटावर 1908 मध्ये तिच्यासाठी जागा राखीव झाली. संख्या वाढलीही. मग 1916 मध्ये मोठी आग लागली आणि नंतर ती सावरलीच नाही. शेवटची काही वर्षं एकच नर उरला होता. मादी नव्हतीच, तरी तो नेहमीच्या जागेवर येऊन साद घालायचा. 1932 च्या मार्चनंतर तोही दिसला नाही. आज त्या बेटावर तिचं ब्राँझ आहे.

ब्राँझ ओततात कसं, माहितेय? आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या आदिलाबादचं ढोकरा ओतकाम प्रसिद्ध आहे, 2018 मध्ये त्याला जीआय मानांकनही मिळालं. पद्धत साधारण अशी: आधी मेणाचा आकार करायचा, त्यावर मातीचा साचा चढवायचा, मग तापवून मेण काढून टाकायचं. आत जी पोकळी उरते, तिच्यात वितळलेला धातू ओतायचा. म्हणजे मेण गेल्याशिवाय धातू आत येत नाही. मूर्तीसाठी ही रीत ठीक आहे. पक्ष्याच्या बाबतीत मात्र आपण त्याची जागा रिकामी व्हायची वाट पाहायला नको.

तणमोराची जागा झपाट्याने रिकामी होतेय. 2021 मध्ये आययूसीएनने त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं. कारणं आपल्या डोळ्यांसमोर आहेत. गवताळ रान नांगरलं जातं, त्यावर अतिक्रमण होतं, विजेच्या तारा येतात, मोकाट कुत्री अंडी-पिल्लं फस्त करतात. आणि एक कारण आपलंही: आपण माळाला 'ओसाड' म्हणतो. एनएसएसच्या कॅम्पमध्ये मी स्वतः गवताळ ई-क्लास जमिनीवर झाडांसाठी खड्डे खणलेत, फोटोही टाकलेत. पण तणमोराला जंगल नको असतं, गवत हवं असतं. त्याच्यासाठी ते खड्डे म्हणजे घरावर फिरलेला नांगरच. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मग पुतळा हवा की नको? माझं मत: हवा, पण अटीवर. परदेशात काही शिल्पकार पक्ष्यांच्या मोजक्या प्रती ओततात आणि विक्रीतला वाटा संवर्धनाला देतात. आपल्याकडेही हे जमू शकतं. पुतळ्यासाठी जमलेल्या पैशातला ठरलेला वाटा गवताच्या राखणीला जावा. पुतळ्याशेजारच्या फलकावर देणगीदारांची नावं नकोत, तालुक्यातलं कोणतं गवताळ रान राखलंय त्याचं नाव हवं. पुढच्या वर्षी ते रान नांगरलं गेलं, तर फलक खोटा ठरेल आणि येणारा-जाणारा जाब विचारेल.

राखणदारही शोधायला लांब जायला नको. शेजारच्या अकोला-वाशिम भागात 'संवेदना' संस्थेसोबत फासेपारधी समाजातले लोक गवताळ रानं आणि तणमोर जपण्याचं काम करताहेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना शिकारीच म्हटलं गेलं, त्यांनाच पक्षी कुठे बसतो, कधी उडी मारतो हे सगळ्यात चांगलं ठाऊक आहे. अशा कामात त्यांना रोजगार आणि मान दोन्ही मिळायला हवा.

आणि आपण? या पावसाळ्यात झाडं लावण्याआधी ती जागा गवताची तर नाही ना, एवढं विचारू. शेतात तणमोर दिसला तर वनविभागाला कळवू, पण लोकेशन स्टेटसला टाकणार नाही. रीलसाठी त्याच्या मागे धावणार नाही. पुतळ्यासोबत सेल्फी खुशाल काढू. फक्त तो काढताना दूर कुठेतरी गवतात खरा तणमोर उडी मारत असला पाहिजे.