मिश्रण आणि हिशेब

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा द्राक्षबागायतदाराचे हित हे कारण पुढे करण्यात आले. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील सामान्य कुटुंब या प्रश्नाकडे प्रामुख्याने नीतीच्या दृष्टीने पाहील. परंतु त्याची आर्थिक बाजूही तपासली पाहिजे.

नाशिककडे काबर्ने सोव्हिन्यों व शिराझ या जातींची द्राक्षे सालींसह वेगवेगळी आंबवली जातात. पहिलीचा तुरटपणा व दुसरीचा फलगंध यांची निरनिराळी प्रमाणे चाखून पाहिल्यावरच तांबड्या वाइनचे मिश्रण ठरते. ही मूल्यवृद्धी खरी आहे. मात्र ती कारखान्यात होते, मळ्यात नव्हे.

शिवाय तासगावकडील बागायतदार मुख्यत्वे खाण्याची व बेदाण्याची द्राक्षे पिकवतो. दुकाने वाढल्याने त्याच्या पदरात फारसे काही पडेल, ही समजूत भाबडी होय. वाइनची द्राक्षे लावणाऱ्यालाही करारातील दराबरोबरच मिश्रणाने वाढलेल्या किमतीत वाटा मिळाला पाहिजे. अन्यथा शेतकऱ्याचे नाव पुढे करून भले मात्र कारखानदाराचे व दुकानदाराचेच होईल.