लघवीतले रक्त थांबले, म्हणजे आजार गेला असे नाही

लघवी लाल दिसली की माणूस घाबरतो. दोन दिवसांनी ती साफ झाली की विसरतो. धोका या विसरण्यातच आहे.

जळजळ, सारखी लघवीची भावना, ओटीपोटात दुखणे आणि सोबत रक्त, अशी लक्षणे असतील तर बहुतेक वेळा मूत्राशयाला जंतुसंसर्ग झालेला असतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब. त्यामुळे आतड्यातले ई. कोलाय जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. आतले अस्तर सुजते आणि त्यातून रक्त झिरपते. आधी लघवीची तपासणी व कल्चर, मग योग्य प्रतिजैविक, हा क्रम पाळावा. दुकानातून परस्पर गोळ्या आणल्या, तर कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि निदान लांबते.

कर्करोगावरील सायक्लोफॉस्फमाइड व इफॉस्फमाइड या औषधांपासून शरीरात अक्रोलीन हा दाहक पदार्थ तयार होतो. तो मूत्राशयाला इजा करू नये म्हणून सलाइन आणि गरजेनुसार मेस्ना देतात. ओटीपोटावर किरणोपचार झालेल्यांना असा रक्तस्राव काही वर्षांनीही होऊ शकतो. रक्ताच्या गाठींनी लघवी अडली, तर तातडीने रुग्णालयात नळी घालून मूत्राशय धुवावे लागते.

न दुखता, न जळजळता लघवीत रक्त दिसले, तर अधिक सावध व्हावे. चाळिशीनंतर, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, ती मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. अशा वेळी सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी टाळू नये. रक्त एकदाच दिसले असले तरीही.