अर्ज भरण्याआधी अटी वाचा

शिष्यवृत्तीबद्दल दहावी-बारावीच्या मुलांना शाळेत बहुधा एकच सल्ला मिळतो : बसता येईल तिथे अर्ज टाका, लागली तर लागली. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही या सल्ल्याने गरजू मुलाचे नुकसान होऊ शकते, आणि मुख्याध्यापक, वर्गशिक्षक व समुपदेशक या नात्याने आपण तो बदलायला हवा. अर्ज कुठे करायचा हे रकमेवरून किंवा योजनेच्या नावावरून नव्हे, अटींवरून ठरावे; आणि त्या अटी अकरावीचा प्रवेश निश्चित होण्याआधी वाचलेल्या असाव्यात.

आपल्या सर्वांच्या परिचयाची एनएमएमएस घ्या. आठवीतल्या मुलांकडून बौद्धिक आणि शालेय क्षमता चाचणीची तयारी करून घेण्यासाठी अनेक शाळा जादा तास घेतात, निवड झाली की फलकावर नाव झळकते. नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, एवढे पालकांना ठाऊक असते. पुढचे मात्र बहुतेकांना कुणी सांगत नाही. अकरावीत ती चालू राहायची तर दहावीला 60 टक्के गुण लागतात (अनुसूचित जाती-जमातींसाठी 55). शिवाय मूल शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत वा कनिष्ठ महाविद्यालयात असावे लागते. विनाअनुदानित तुकडीत गेले किंवा दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविकेला गेले, की शिष्यवृत्ती थांबते. म्हणजे दोन वर्षांचे 24,000 रुपये गेले. म्हणून पदविका करू नये असे मुळीच नाही. कित्येक घरांसाठी तोच शहाणा रस्ता असतो. पण हे पैसे बंद होणार हे घराला प्रवेशाच्या आधी कळायला हवे. सप्टेंबरात नूतनीकरणाचा अर्ज अडला की मग कळून काय उपयोग?

जास्तीचा अर्ज केल्याने काय बिघडते, असा प्रश्न इथे येणारच. बिघडते ते बारावीनंतर. केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती आपापल्या मंडळात वरच्या 20 टक्क्यांत आलेल्या, साडेचार लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलांसाठी आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला 12,000 रुपये. पण दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्क प्रतिपूर्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या मुलीला अभियांत्रिकीला जायचे असेल, तर शुल्क भागवणारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच तिच्या हिताची. उलट अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्या, शुल्क जेमतेम काही हजार असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला केंद्राची रक्कम अधिक उपयोगी पडू शकते. गुण सारखे असले तरी दोघांचा हिशेब वेगळा. स्वाधार योजनेचेही तेच. मुंबई-पुण्यासारख्या शहरात भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000 मिळून वर्षाला 60,000 रुपये हाती येतात. पण ही योजना वसतिगृहाला पात्र असून तिथे जागा न मिळालेल्या मुलांसाठी आहे. वसतिगृहाच्या अर्जाकडे दुर्लक्ष झाले, तर या रकमेची वाटही अवघड होते.

शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा डोंगर असताना हे आणखी कुणी करायचे, हा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे. त्यावर शिक्षकांनी आणखी त्याग करावा असे सांगणे अन्यायाचे होईल. हे काम वेळापत्रकात दिसले पाहिजे. दहावीच्या वर्षात प्रत्येक तुकडीला पालकांसह दोन तासिका द्याव्यात, त्यांत त्या तुकडीला लागू असलेल्याच योजनांच्या अटी वाचाव्यात आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले मुलाचे बँक खाते यांपैकी काय अपुरे आहे ते प्रत्येकाच्या नावापुढे नोंदवावे. ही नोंद अकरावीचा पसंतीक्रम भरताना वर्गशिक्षकाच्या समोर असावी, आणि त्या दोन तासिका मुख्याध्यापकांनी येत्या जूनच्या वेळापत्रकातच दाखवाव्यात.